पात्र जोडप्यांची वही

एप्रिलमध्ये नवी वही मिळते. जुनीचे पुठ्ठे
तोवर घामानं मऊ पडलेले असतात.
जिन्सी नाला माझा हिस्सा:
दोनशे अकरा घरं, चार हातपंप
आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाची प्रत्येक बाई
जिचा नवरा जिवंत आहे.
विधवा वहीत येत नाहीत.
वहीला त्यांच्याकडून काही नको असतं.

दारात उभी राहून विचारते
पाळी कधी आली, मुलं किती, त्यांत मुलगे किती,
आता काय वापरणार.
रामबेटी पोळ्या लाटता लाटता उत्तरं देते,
पायानं झोळीला झोका.
खाटेवरचा नवरा एकाच रकान्याला उत्तरतो, व्यवसायाच्या:
"कुछ नहीं करती."
मी लिहिते.
आमच्या घरी मराठी बोलतात. तिथं हे वाक्य
जरा सौम्य आहे: "घरीच असते."

फेब्रुवारीत साहेबांचा फोन. आकडा चौदानं कमी.
मग टेम्पो भरून बायका मुरारला.
परतताना एकमेकींच्या खांद्यावर टाकलेल्या माना,
पोटाला पट्टी, मुठीत पावती.
संध्याकाळची चूल त्यांचीच.
पुरुषांच्या रकान्यात शून्य.
ते शून्य मी फार सुबक काढते,
पेन न उचलता.

एकदा आला होता एक. हरिचरण,
दाल बाजारातला हम्माल.
फॉर्मवर अंगठा नाही, सही केली, चांगली मोठी.
तेवढ्यात त्याची आई आली, अनवाणी,
म्हणाली, मग पोती कोण उचलणार?
आणि मनगट धरून घेऊन गेली त्याला,
शाळेतून पोराला नेतात तशी.
आठवड्यानं त्याच्या जागी विमलेश आली.
टाके ओले असताना
हातपंपावर दोन कळश्या उचलताना पाहिली मी तिला.
तिच्या मुलीचं नाव अंतिमा.
अंतिमानंतर आणखी दोघी. त्यांची नावं ठेवताना
कोणी फार विचार केला नाही.

आता माझी ओळ.
माझी गल्लीही माझ्याच हिश्शात येते, म्हणून
क्रमांक एकशे अठ्ठ्याण्णव: उज्ज्वला माहुरकर, बेचाळीस.
जिवंत मुलं एक, मुलगी.
गर्भपात, इथं दरवर्षी एक आडवी रेघ.
रेघेचा अर्थ "नाही" असा होतो.
"विचारू नका" असाही होतो.

डिसेंबर होता. सासूबाई आणि मी बसनं
चंबळ ओलांडून गेलो. धुकं इतकं की
पूल कधी संपला कळलं नाही.
दवाखान्याला पाटी नव्हती.
सांगायला बंदी, म्हणून डॉक्टर काही सांगत नसे,
मुलगा असला की फक्त चहा मागवायचा.
आम्हाला चहा आला नाही.

आता त्यांची उजवी बाजू गेलीय. तिसरं वर्ष.
त्यांच्या मुलाला वास सहन होत नाही,
तो स्वभावानं हळवा आहे, सगळे म्हणतात.
पहाटे साडेपाचला मी त्यांची कूस बदलते,
पाठीला पावडर, नखं, औषधं, चादर,
रात्री पुन्हा चादर.
दिवसाला साडेचार तास. याला रकाना नाही,
पण मोजायची सवय लागलीय हाताला.

काल रात्री अकराला अंग पुसताना
त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला
आणि वाकड्या तोंडातून, कितीतरी वेळानं, शब्द आला:
"चहा."
रोजच मागतात तशा. सकाळी मागतात.
ओला टॉवेल हातात, मी तशीच उभी राहिले.
टॉवेल गार झाला.
मग गॅस पेटवला.
दोन कप आधण ठेवलं.

उद्या वही जमा करायची.
एकशे अठ्ठ्याण्णववर आज रेघ मारली नाही. एक लिहिलं.
आणि शेऱ्यात, बारीक अक्षरात, मराठीत:
चहा आला नाही.

साहेबांना मराठी येत नाही.